सड्याचं भाडेपत्र आणि तुमची न घेतलेली सही

प्रश्न : राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळी पठारावर, आमची सामाईक जमीन आहे. सातबाऱ्यावर 11 नावं, त्यात एक माझ्या दिवंगत यजमानांचं. मुंबईच्या चुलतदिरांनी सगळीच जमीन एका सौरऊर्जा कंपनीला 29 वर्षांच्या भाड्याने दिली, हे मोजणीची माणसं आली तेव्हा कळलं. आमची गुरं तिथेच चरतात. पावसाच्या सुरुवातीला दीपकाडी फुलते, उन्हाळ्यात माळटिटवी अंडी घालते. दलाल म्हणतो, "कातळच तर आहे." जनसुनावणी कधी असेल आणि तिथे मी काय बोलू?

उत्तर : ताई, जनसुनावणीची वाट पाहू नका, ती होणार नाही. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत औष्णिक आणि अणुवीज प्रकल्प आहेत, सौर पॅनलचे नाहीत. म्हणून तुमच्याच तालुक्यातल्या जैतापूरच्या 9,900 मेगावॉट अणुप्रकल्पाला 2010 मध्ये जनसुनावणी घ्यावी लागली, तुमच्या सड्याला ती लागत नाही. प्रदूषण मंडळांच्या वर्गवारीतही सौरऊर्जा 'पांढऱ्या' गटात आहे. धूर नाही, सांडपाणी नाही, तेव्हा मंडळाला नुसतं कळवलं की झालं. जमिनीवर काय होतं तो गावाने पाहावा!

दलालाचं वाक्य खरं तर महसुली दप्तराचं आहे. नांगर चालत नाही ती जमीन 'वरकस' किंवा 'पोटखराबा'. जांभ्याच्या खळग्यात मूठभर माती आणि चार महिन्यांचं पाणी, एवढ्यावर सीतेची आसवं, गेंद ही रानफुलं आणि तुमची दीपकाडी तगतात, याला सातबाऱ्यात रकाना नाही. जेसीबीने कातळ फोडून सपाट केला, वर मुरूम ओतला, की कंद रुजायला जागाच राहत नाही.

पण कोर्टात पहिला डाव फुलाचा खेळू नका. तुमचा हुकमी पत्ता सातबारा आहे.

वाटप न झालेल्या जमिनीत चुलतदीर फक्त स्वतःचा अविभक्त हिस्सा देऊ शकतात. तुमच्या सहीशिवाय केलेलं भाडेपत्र तुमच्या हिश्श्यावर बंधनकारक नाही. यजमानांच्या जागी वारस नोंद झाली नसेल तर उद्याच तलाठ्याकडे अर्ज द्या. वारस म्हणजे तुम्ही, मुलं आणि हयात असतील तर सासूबाईही. मग दुय्यम निबंधक कार्यालयात भाडेपत्र शोधा. एका वर्षाहून जास्त मुदतीचं भाडेपत्र नोंदणीकृतच लागतं. निघाला नुसता नोटरीचा कागद, तर 29 वर्षांचं भाडेपत्र म्हणून तो टिकणार नाही. नोंदणी झालेली असेल आणि फेरफार (सातबाऱ्यावरच्या नोंदीत बदल) पडत असेल, तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर हरकत दिलीच नाही असं समजतात, हे मी वीस वर्षं पाहतोय.

त्याचबरोबर दिवाणी न्यायालयात वाटपाचा आणि मनाई हुकमाचा दावा लावा. महाराष्ट्रात स्त्रियांना काही प्रकारच्या दाव्यांत कोर्ट फी माफ आहे, ती तुमच्या दाव्याला लागू होते का ते वकिलाला विचारा. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. एक कटू गोष्टही ऐका : बाकीचे दहाजण कंपनीच्या बाजूने गेले तर तुम्ही स्वतःचा तुकडा वाचवाल, अख्खा सडा नाही.

अख्ख्या सड्यासाठी वाट वेगळी. वन्यजीव कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त बंदूक नव्हे, जंगली पक्ष्याची अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणंही त्या व्याख्येत येतं. घरटी दिसली की तारखेसह फोटो काढा, वनक्षेत्रपालांना लेखी कळवा. दीपकाडीचं मात्र तसं नाही. दुर्मीळ असणं वेगळं, कायद्याच्या परिशिष्टात असणं वेगळं. तिच्यासाठी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला गाठा आणि लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडाझुडपांच्या, पशुपक्ष्यांच्या अधिकृत वहीत) सड्याची नोंद करून घ्या. समिती कागदावरच असेल तर ग्रामसभेत विषय मांडा.

ही नोंदवही पुढे पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयात, कामी येते. तिथे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, फार तर आणखी 60 दिवस सवलत मिळते. मेख अशी की न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत जैवविविधता कायदा आहे, वन्यजीव कायदा नाही. नुसतं टिटवीचं नाव घेऊन तिथे गेलात तर दारातूनच परत येण्याचा संभव. सड्याचा कडा समुद्राकडे असेल तर भरती रेषेपासून 500 मीटरचा सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशाही पाहून घ्या.

अर्जात 'सौरऊर्जा नको' असं लिहू नका. वीजतारांवर आदळून मरणाऱ्या माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये राजस्थान-गुजरातच्या मोठ्या पट्ट्यात वीजतारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च 2024 मध्ये तोच सैल करून तज्ज्ञ समिती नेमली, कारण सौरऊर्जेचीही गरज न्यायालयाला दिसली. तो पक्षी तर वन्यजीव कायद्यातल्या सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूची एकमधला. तेव्हा मागणी नेमकी ठेवा : खळगे आणि फुलांचा पट्टा सोडा, विणीच्या काळात काम थांबवा, पॅनल पर्यायी जागेवर न्या.

मला पाठवताना ताजा सातबारा, आठ-अ (खातेउतारा), जुने फेरफार आणि यजमानांचा मृत्यू दाखला जोडा. तोवर 'फक्त संमती हवी' म्हणून कुणी कागद पुढे केला, अगदी चुलतदीर स्वतः घरी आले तरी, चहा द्या, सही देऊ नका.