नाताळचा तारा आणि बटण सेल

प्रश्न : आम्ही वसईचे. गेल्या नाताळात दीड वर्षाच्या नातवाने लुकलुकत्या ताऱ्यातला बटण सेल तोंडात घातला. सुनेने वेळीच काढला. गिळला असता तर?

उत्तर : आजी, ‘शीवाटे पडेल’ म्हणत थांबायचं नाही. अन्ननलिकेत अडकलेला सेल लाळेत वीज खेळवतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि 2 तासांतही आतून भाजतं. उलटी करवू नका, केळं तर नकोच. थेट एक्स-रे असलेलं मोठं रुग्णालय गाठा. वाटेत दर 10 मिनिटांनी 2 छोटे चमचे मध द्या. वर्षाखालच्या बाळाला मात्र मुळीच नाही. मधासाठी दुकान शोधत बसू नका! तारा घेताना सेलचं झाकण स्क्रूचं आहे ना, बघा. फुटपाथवरचे लुकलुकते सांता मी घरात आणतच नाही.