मुलींचं बास्केटबॉल हे नवं फॅड नाही

प्रश्न: माझी मुलगी रत्नागिरीला कॉलेजात आहे, बास्केटबॉल खेळते. घरी सासूबाईंची कुरकुर चालू, मुलींनी हाफपँट घालून उड्या मारायच्या हे काय नवीन फॅड. मुलगी म्हणते अमेरिकेत स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या मुली सव्वाशे वर्षांपूर्वीपासून खेळतायत. खरंच का? मग त्यांचं नाव एवढं उशिरा का झालं? – एक आई, देवगड

उत्तर: ताई, लेक बरोबर सांगतेय. हा खेळच मुळात निघाला १८९१ च्या डिसेंबरात, आणि ४ एप्रिल १८९६ ला स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या मुली सॅन फ्रान्सिस्कोत समोरासमोर आल्या, दोन युनिव्हर्सिट्यांमधली मुलींची ही पहिली मॅच. एका टीममध्ये नऊ जणी, स्कोअर २-१, स्टॅनफर्ड जिंकली. पुरुषांना आत प्रवेशच नव्हता, बघायला बायका, पेपरात बातमी लिहायला पण बाईच, आणि मध्येच बास्केट ढिली झाली म्हणून दुरुस्तीला पुरुष आत आले तर बर्कलीच्या मुली किंचाळत कोपऱ्यात जाऊन लपल्या. सासूबाईंना जो संकोच वाटतो तो त्या पोरींनाही होताच, तरी खेळल्या हो!

आणि त्याच १८९६ साली, विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने वाळीत टाकलेले आपल्या दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे पुण्यात विधवांसाठी आश्रम काढत होते, हे सासूबाईंना जरूर सांगा.

आता उशीर का झाला, तर १८९९ मध्ये स्टॅनफर्डनेच मुलींना बाहेरच्या टीमशी खेळायला बंदी घातली. मला याचा खरंच राग येतो, पोरी चांगल्या खेळत होत्या आणि त्यांच्या हातातला बॉल काढून घेतला. १९७२ ला अमेरिकेत टायटल नाइन कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेदभाव चालणार नाही, तेव्हा कुठे स्कॉलरशिप, कोच, प्रवासखर्च हे सगळं मुलींना मिळायला लागलं. १९८५ ला टारा व्हॅनडरव्हीर स्टॅनफर्डच्या कोच म्हणून आल्या आणि १९९०, १९९२, २०२१ असं तीनदा नॅशनल टायटल. त्यातली २०२१ ची फायनल बरोब्बर ४ एप्रिललाच होती, ॲरिझोनाविरुद्ध ५४-५३!! शेवटच्या सेकंदाला ॲरिझोनाच्या ॲरी मॅकडोनाल्डवर तिघी जणी धावून गेल्या आणि तिचा शॉट हुकला.

पुढची मॅच रत्नागिरीतच असेल तर सासूबाईंना घेऊन जा, नातीला खेळताना त्यांनी अजून पाहिलेलंच नसेल.