ठाण्यातील तलाव, २००० शब्द, तीन आठवडे: आधी प्रश्न ठरव, मग वाच

'ठाण्यातील तलाव' ही टीवायबीएची असाइनमेंट, २००० शब्द, हातात तीन आठवडे, आणि पहिला आठवडा नुसतं वाचायचं असं तू ठरवलंयस. तसं करू नकोस. प्रश्न ठरलेला नसला की सगळंच महत्त्वाचं वाटतं. वही भरते, आणि कोपिनेश्वर मंदिरापासून गणेश विसर्जनापर्यंत प्रत्येकाला दोन-दोन ओळी येतात.

विषय छाटून घे. उदाहरणार्थ, 'मासुंदा आणि कचराळी यांचे काठ कोण, कधी आणि कशासाठी वापरतं?' याचं उत्तर तिथे जाऊन बघून मिळतं. 'तलावांचे महत्त्व' लिहायला घेतलंस तर शाळेतला निबंध होईल.

प्रत्येक काठावर एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी ७ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ७. वेळा त्याच ठेवायच्या. तलावपाळीची (म्हणजे मासुंद्याच्या काठाची) रविवार संध्याकाळ आणि कचराळीची मंगळवार सकाळ शेजारी मांडून काही सिद्ध होत नाही. खरी अडचण पुढे आहे: त्याच तासाला दोन्हीकडे हजर राहता येत नाही, म्हणजे दोन रविवार लागणार, आणि तुझ्याकडे आहेत तीनच. त्यातला एखादा पावसात किंवा सणात गेला तर उरलेले दोन नेमके पुरतात. पहिला रविवार सोडलास तर काहीच हातचं उरत नाही.

शब्दांची वाटणी आधीच कर. प्रस्तावना २००, पार्श्वभूमी ३५०, मासुंदा ४००, कचराळी ४००, तुलना ४००, निष्कर्ष २५०. पार्श्वभूमी हमखास फुगते, कारण ती पुस्तकांतून आयती मिळते. ती ८०० वर गेली की तुलनेचा बळी जातो. गुण मात्र तुलनेलाच असतात.

हा सांगाडा घेऊनच ग्रंथालयात जा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, स्थानिक इतिहासासाठी सुरुवात तिथूनच कर. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं इंग्रजी गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) पार्श्वभूमीपुरतं बघ. टिपण काढतानाच लेखक, वर्ष आणि पान क्रमांक लिही. शेवटच्या रात्री पान शोधण्यात फार वेळ जातो. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलंस तर तिथेच अवतरण चिन्हं दे, नाहीतर आठवड्याने ते तुलाच स्वतःचं वाटेल.

लिहिताना तलावांचे दोन भाग आधी, मग तुलना, निष्कर्ष, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. निष्कर्षात नवी माहिती आणू नकोस.

टायपिंग युनिकोडमध्ये कर. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर अगम्य चिन्हांत उघडू शकते. पेन ड्राइव्हवर पीडीएफच ने, आणि स्पायरल मारण्याआधी पानांचे क्रमांक तपास.