अडीच वर्षांचा मुलगा गावी राहून ‘मले’, ‘करलं’ असं बोलायला लागलाय. त्याची भाषा बिघडली का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चार महिने अकोल्याकडे आजीआजोबांजवळ होता, पुण्याला परतल्यावर ‘मले दे’, ‘म्या करलं’ म्हणतो आणि आता त्याला शुद्ध बोलायला कसं लावावं. मी अमरावती जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात चौदा वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. अशी पोरं रोज पाहते, म्हणून लिहिते.

‘मले’ आणि ‘करलं’ तुम्ही एकाच सुपात पाखडलंय. ‘मले’ त्यानं आजीकडून घेतलं. ‘करलं’ मात्र त्याला कोणीच दिलेलं नाही. आमच्या गावातली म्हातारी माणसंसुद्धा ‘केलं’च म्हणतात. मग हे आलं कुठून?

त्याच्या डोक्यातून. धर-धरलं, भर-भरलं, मार-मारलं असं ऐकता ऐकता त्यानं ताडलं, की शेवटी ‘लं’ लागलं म्हणजे काम होऊन गेलं. मग कर-करलं. हिशेब त्याचा बरोबर आहे, आडमुठेपणा मराठीचा आहे. आठवून पाहा, वर्षभरापूर्वी तो ‘आला’, ‘गेला’ नीट म्हणत असेल. तेव्हा ते शब्द नुसते पाठ होते. नियम हाती लागला की पोरं तो सगळीकडे लावत सुटतात, त्यात आधीचे बरोबर शब्दही बिघडतात, आणि पुढे अपवाद कानावर पडून पडून बसतात. काहींचे शाळेत जायच्या वयापर्यंत अधूनमधून घसरतात.

अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ मध्ये हे फार सोप्या युक्तीनं दाखवलं. पोरांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याचं नाव ‘वग’ सांगितलं, मग असे दोन दाखवून विचारलं, आता हे काय? पोरं म्हणाली, ‘वग्ज’. जन्मात न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन! नकलेतून हे येत नाही.

आमच्या अंगणवाडीत एक पोरगी नळ आला की ओरडायची, “पानी आली, पानी आली!” मोठी माणसं हसायची. पण चिमणी आली, गाडी आली, काकी आली, तर पाणी का नाही येणार? कुठं चुकलं तिचं?

आता ‘मले’. लहान पोराचा कान आपल्यापेक्षा तिखट असतो. त आणि ट यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना सहसा कळत नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे आवाज ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, वर्षाच्या आसपासच्यांना जवळपास नाही. घरात जे ऐकू येतं त्याला कान धरून ठेवतो, बाकीचं सोडतो. तुमच्या मुलाला तुमचं ‘डोळा’ही ऐकू येतं आणि आजीचं ‘डोया’ही. तो दोन्ही ठेवून घेईल, आणि कोणाशी कोणतं बोलायचं हेही त्याचं त्यालाच कळेल. हरभरा सोंगायला, म्हणजे कापायला, मेळघाटातून माणसं येतात, त्यांची लेकरं घरात कोरकू बोलतात. ती भाषा तर मराठीच्या कुळातलीही नाही, मुंडा कुळातली. तीच लेकरं दोन-तीन महिन्यांत माझ्याशी वऱ्हाडीत भांडतात. मग वऱ्हाडी आणि पुणेरी यांनी एका पोराचं काय बिघडणार? (‘शुद्ध’ या शब्दावर माझं वेगळं मत आहे, ते इथे नको.)

टोकून फार काही होत नाही. माझ्या भाच्याशी मी हा उद्योग करून पाहिलाय.
“म्हण, केलं.”
“केलं.”
“शाब्बास. काय केलं तू?”
“म्या घर करलं.”
त्यापेक्षा, “हो का, घर केलं तू? कोणाचं? मुंगीचं?” असं म्हणा. बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत. आजीला फोनवर बोलू द्या, तिच्या बोलीतच. फक्त नुसता मोबाइल हातात देऊन भाषा येईल असं धरू नका. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसून खेळवणाऱ्या माणसांकडून चिनी भाषेतले आवाज ओळखायला शिकली, पण त्याच माणसांच्या चित्रफिती पाहणारी दुसरी बाळं काहीच शिकली नाहीत.

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची. वर्षाचं बाळ बडबडत नाही, हाक मारली तर वळत नाही, दोन वर्षांचं होऊनही ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द विसरतंय, तर आधी कान तपासा. “त्याचा बापही उशिराच बोलला होता” म्हणत थांबू नका. गावी असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं, सेविकेला तारीख विचारा. तुमचा मुलगा ‘म्या करलं’ म्हणतो म्हणजे तो यातला नाही.

आणि ती पोरगी आता तिसरीत आहे, ‘पानी आलं’ म्हणते. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, त्यामुळे ती ‘आली’ म्हणायची तेव्हाही हसून झालं की सगळ्या बाया गुंड, म्हणजे पाण्याची भांडी, घेऊन पळायच्या.