क्लाउड सीएमएसमध्ये कंटेंट डिप्लॉय करताना रोलबॅक कसा सांभाळावा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सीएमएसमध्ये (वेबसाइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली) स्टेजिंगवरून (चाचणीची प्रत) प्रॉडक्शनवर (लोकांना दिसणारी खरी साइट) चुकीचा कंटेंट गेला, टीमने आदल्या रात्रीचा बॅकअप रिस्टोअर केला, चूक गेली, पण सकाळपासून एडिटरांनी केलेलं कामही गेलं. खरं सांगायचं तर बॅकअप रिस्टोअर हा रोलबॅक, म्हणजे चुकीचा बदल तेवढाच मागे घेणं, नव्हेच. डेटाच उडाला तरचा तो शेवटचा उपाय. कोड मागे नेला तरी मधल्या वेळात प्रॉडक्शनवरच्या कोडमध्ये कोणी हात घातलेला नसतो. कंटेंटमध्ये दर तासाला कोणी ना कोणी लिहीत असतं.

मुळात स्टेजिंगवरून कंटेंट ढकलणंच मी टाळतो. कोड स्टेजिंगकडून प्रॉडक्शनकडे जावा, कंटेंटची प्रत प्रॉडक्शनकडून स्टेजिंगकडे यावी. एडिटरांनी प्रॉडक्शनमध्येच ड्राफ्ट लिहावेत, प्रिव्ह्यूत पाहावेत आणि एका विषयाच्या सगळ्या एन्ट्र्या (पान, लेखक, चित्र अशा नोंदी) एका रिलीजमध्ये बांधून पब्लिश कराव्यात. कंटेंटफुल आणि सॅनिटी या दोन्ही सीएमएसमध्ये अशी रिलीजची सोय आहे.

आता रोलबॅक. बहुतेक वेळा मागे घ्यायच्या असतात त्या ठरावीक एन्ट्र्या, आख्खी साइट नाही. व्हर्जन 14 बिघडलं असेल तर 13 मधला मजकूर घेऊन 15 तयार करायचं आणि ते पब्लिश करायचं. इतिहास तसाच राहतो. मोठ्या रिलीजसाठी पब्लिशच्या आधी एका स्क्रिप्टने प्रत्येक एन्ट्रीचा आयडी आणि तिचं सध्याचं पब्लिश झालेलं व्हर्जन टिपून ठेवा. नव्याने येणाऱ्या एन्ट्र्यांची यादी वेगळी. मागे येताना क्रम उलटा: पब्लिश करताना आधी लेखक, चित्रं, मग त्यांना जोडलेलं पान, मागे घेताना आधी पान जुन्या रूपात आणायचं, मग नव्या एन्ट्र्या अनपब्लिश करायच्या. नाहीतर लाइव्ह पान अशा एन्ट्रीकडे बोट दाखवत राहतं जी एपीआय (साइटला कंटेंट पुरवणारा दुवा) आता देतच नाही.

रिलीजनंतर एखादी एन्ट्री कोणी पुन्हा बदलली असेल, तर स्क्रिप्टने तिथे थांबून माणसाला विचारावं. कंटेंटफुलमध्ये अपडेट करताना व्हर्जन नंबर विनंतीच्या हेडरमध्ये द्यावा लागतो आणि तो जुळला नाही तर 409 हा नकाराचा एरर मिळतो. अनेक स्क्रिप्ट आधी ताजा नंबर मागवून तोच परत पाठवतात. मग या राखणीचा उपयोगच उरत नाही. रिलीज पब्लिश झाल्यावर लगेच टिपलेला नंबर पाठवा.

व्हर्जन हिस्टरीत काय साठतं हेही तपासा. वर्डप्रेसच्या रिव्हिजनमध्ये मुळात शीर्षक, मजकूर आणि सारांश असतो. कस्टम फील्डच्या रिव्हिजनची सोय 6.4 पासून आली, तीही फील्ड नोंदवताना चालू केली तरच. चित्राची फाइल त्याच पत्त्यावर बदलली असेल तर एन्ट्रीचं जुनं व्हर्जन जुनं चित्र परत आणत नाही, म्हणून दर वेळी नवी फाइल चढवा.

कंटेंट मॉडेलचा, म्हणजे एन्ट्रीत कोणती फील्ड असतात त्या रचनेचा, बदल जास्त धोक्याचा. आधी नवं फील्ड वाढवा, डेटा भरा, फ्रंटएंडला (पान दाखवणाऱ्या कोडला) दोन्ही वाचू द्या. जुनं फील्ड पुढच्या रिलीजमध्ये काढा. कंटेंटफुलच्या एन्व्हायर्नमेंट एलियासने (कंटेंट आणि मॉडेलच्या एका स्वतंत्र प्रतीकडे, म्हणजे एन्व्हायर्नमेंटकडे, बोट दाखवणारं नाव) हे सोपं होतं: एन्व्हायर्नमेंटची प्रत काढून तिच्यावर मायग्रेशन (मॉडेल बदलणारी स्क्रिप्ट) चालवायचं, एलियास तिकडे वळवायचा, बिनसलं तर परत जुन्यावर. फक्त प्रत काढल्यानंतर जुन्या बाजूला लिहिलेलं नव्यात येत नाही, आणि वळवल्यानंतर नव्या बाजूला लिहिलेलं जुन्यात नसतं. तेवढा वेळ लिखाण बंद ठेवा, एडिटर कुरकुरले तरी. अडोबीच्या एईएम क्लाउड सर्व्हिस या सीएमएसमध्येही कोड मागे आला तरी पाइपलाइनमधून (कोड चढवणाऱ्या स्वयंचलित साखळीतून) गेलेला म्युटेबल (साइट चालू असताना बदलता येणारा) कंटेंट आपोआप मागे येत नाही, तेव्हा तो जुन्या कोडलाही चालेल असाच ठेवावा लागतो.

साइट स्टॅटिक असेल, म्हणजे सगळी पानं आधीच तयार (बिल्ड) करून ठेवली जात असतील, तर जुन्या बिल्डवर गेल्यावर त्या वेळचा कंटेंटही परत येतो, आणि पुढच्या पब्लिशचा वेबहुक (पब्लिश झाल्याचा आपोआप जाणारा निरोप) नवा बिल्ड चालवून तो रोलबॅक पुसतो. दुरुस्ती होईपर्यंत ऑटो पब्लिश थांबवा. नंतर सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणी साठवणारे सर्व्हर) पर्ज करा, म्हणजे तिथल्या जुन्या प्रती पुसा. ब्राउझरमधली कॅश तुमच्या हातात नसते, म्हणून तिची मुदत आधीपासून छोटी ठेवा. सर्च इंडेक्स आणि फीडही विसरू नका.

गेलेल्या कामाबद्दल: रिस्टोअरच्या आधीच्या क्षणाचा स्नॅपशॉट पुरवठादाराकडे आहे का, ते लगेच विचारा. असला तर तो प्रॉडक्शनवर न चढवता वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये उघडायला सांगा, बदलाच्या वेळेनुसार त्या सकाळच्या एन्ट्र्या गाळून घ्या आणि त्या ड्राफ्ट म्हणून परत आणा. चुकीच्या रिलीजमधल्या एन्ट्र्या त्या यादीत असतीलच, त्या एडिटरांकडून तपासून बाजूला काढा.