वीज आली, पण संगणक येईना

या महिन्यात वीज गेल्यानंतर संगणक बिघडल्याची पत्रे इतकी आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून हा स्तंभ त्यांनाच द्यावा लागला. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या तिघांची मुळे बऱ्याच अंशी त्यातच सापडतात.

प्रश्न : काम चालू असतानाच वीज गेली आणि अर्ध्या तासाने परत आली. तेव्हापासून बटण दाबले की कॅबिनेटमधला पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. कधी तेवढेही होत नाही. फोनवर विचारले असता एका तंत्रज्ञाने ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगितले. तसे असेल का?

उत्तर : असेलही, पण कॅबिनेट न उघडता ते कोणालाही सांगता येणार नाही. मदरबोर्ड, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी, गेला हे निदान शेवटचे असते, म्हणजे बाकी सगळे भाग निर्दोष ठरल्यावर जे उरते ते. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मला पहिला संशय येतो तो एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीतून येणारी वीज संगणकाला मानवेल अशी करून देणाऱ्या पेटीचा. बाहेरून येणारा पहिला फटका तीच खाते. वीज जाते त्या क्षणापेक्षा ती परत येते तो क्षण अधिक धोक्याचा असतो, कारण बंद पडलेली सगळी उपकरणे एकाच वेळी चालू होऊ पाहतात आणि दाब काही काळ वरखाली होत राहतो.

चांगल्या एसएमपीएसमध्ये अशा वेळी स्वतःला बंद करून घेण्याची सोय असते. दाब किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आतले संरक्षक मंडल पेटी बंद करते, आणि पुष्कळ पेट्यांत ते तसेच अडकून राहते. बटण कितीही वेळा दाबले तरी सुटत नाही. त्यासाठी मुख्य वीजपुरवठाच तोडावा लागतो. म्हणून प्रथम मागचा खटका बंद करून वायर कॅबिनेटमधूनच उपसून काढावी आणि मग पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. या वेळी पंखा किंचित हलला किंवा एखादा दिवा लुकलुकला तर दचकू नये. कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांत, साठलेली वीज बाहेर पडत असते. पाच-दहा मिनिटांनी वायर पुन्हा लावावी, पण या वेळी यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही मध्ये न घेता थेट भिंतीच्या प्लगमध्ये. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, स्पीकर, इंटरनेटची वायर असे सगळे काढून फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवावा. एवढ्यावरच काही संगणक चालू होतात.

प्लगमध्ये वीज आहे की नाही हे टेबल लॅम्प लावून पाहण्याची पद्धत आहे आणि ती वाईट नाही. मात्र लॅम्पला वीज लागते फार थोडी. सॉकेटमधली पट्टी सैल झाली असेल तर लॅम्प बिनतक्रार पेटतो आणि संगणकाने भार घेताच तोच जोड दगा देतो. मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ कॅबिनेट उघडून बसलो होतो आणि दोष निघाला तो एक्स्टेन्शन बोर्डाच्या काळवंडलेल्या छिद्रात. तेव्हापासून मी आधी प्लगचे पाय पाहतो.

एवढ्याने भागले नाही तर पुढचा प्रश्न असा, की स्टँडबाय वीज मदरबोर्डापर्यंत पोहोचते का? संगणक बंद असतानाही एसएमपीएस ५ व्होल्टची एक बारीक धार जांभळ्या तारेतून सतत देत असतो. बटण दाबल्याचे बोर्डाला कळते ते तिच्यामुळेच. पुष्कळ बोर्डांवर एक लहान दिवा असतो, तो लागलेला दिसला तर ही धार येत आहे. दिवा आहे पण बटण दाबून काहीच होत नसेल, तर दोष बटणाचा किंवा त्याच्या दोन बारीक तारांचा असू शकतो. त्या तारा बोर्डावरून काढून त्यांच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवल्या तर बटणाशिवाय संगणक चालू करून पाहता येतो. कोणत्या दोन पिना, हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच हे करावे.

आपल्याकडे पंखा फिरून थांबतो, यावरून चालू होण्याची आज्ञा मिळते आणि नंतर काहीतरी अडते, एवढे कळते. एसएमपीएस सगळे दाब स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत ‘वीज ठीक आहे’ असा संकेत राखाडी तारेतून पाठवतो आणि तो येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला कामाला लावत नाही. हा संकेत आला नाही, किंवा एखाद्या भागात शॉर्ट झाल्याने पेटीने हात आखडता घेतला, की आपण वर्णन केले आहे तसेच घडते. शॉर्ट शोधण्याचा मार्ग कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. वायर काढून वेगळे ग्राफिक्स कार्ड, डिस्का, रॅमच्या (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) जास्तीच्या पट्ट्या असे एकेक उतरवत जावे आणि प्रत्येक वेळी चालू करून पाहावे. (प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय नसेल तर कार्ड उतरवल्यावर चित्र येणार नाही, हे लक्षात ठेवून फक्त पंख्याकडे पाहावे.) जो भाग उतरवल्यावर पंखा टिकला, तो दोषी.

मल्टिमीटर असेल तर पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५ आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट मिळावेत. ५ टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६. नव्या पेट्यांत सगळ्याच तारा काळ्या असतात, तेथे रंगावर न जाता पिनेच्या जागेवरून ओळखावे लागते. शिवाय भाराविना आकडे बरोबर दाखवणारा एसएमपीएस भार येताच कोसळू शकतो, म्हणून माझ्या मते मीटरपेक्षा दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणे हीच खरी परीक्षा.

एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नये. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते आणि वायर काढल्यानंतरही काही वेळ तेथे टिकते. बोर्डावरचे कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनी पाहायला हरकत नाही. त्यांची चपटी टोपी फुगून घुमटासारखी झाली असेल किंवा बुडाशी तपकिरी ओल दिसत असेल, तर त्या तंत्रज्ञाचा तर्क खरा ठरण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : माझ्याकडे पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. एकदाच चित्र आले, तेव्हा तारीख कित्येक वर्षे मागची दिसली. वीज जाण्याने घड्याळही बिघडते का?

उत्तर : घड्याळ बिघडलेले नाही. मदरबोर्डवर रुपयासारखा गोल सीआर २०३२ जातीचा सेल असतो. संगणकाला वीज मिळत नसताना घड्याळ चालते ते त्यावर. वायर प्लगमध्ये असेपर्यंत घड्याळाला स्टँडबाय वीज मिळत राहते, त्यामुळे सेल केव्हाच अशक्त झाला असला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. वीज पूर्ण गेली की तो उघडा पडतो. नव्या सेलवर ३ व्होल्ट मिळतात, २.७ च्या खाली गेला असेल तर बदलून टाकावा. सेलबरोबर बायोसमधील, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममधील, आपण केलेल्या निवडीही पुष्कळ बोर्डांत पुसल्या जातात, त्याचा परिणाम पुढच्या उत्तरात येईल.

काळ्या पडद्यासाठी आधी मॉनिटरची वायर कोठे आहे ते पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असताना वायर मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये खोचली गेली, तर पडदा काळाच राहतो, आणि साफसफाईच्या गडबडीत हे हटकून होते. त्यानंतर रॅम. वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवून, रॅमची पट्टी बाहेर काढावी आणि तिची सोनेरी टोके कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावीत. खोडरबर फिरवण्याचा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय मऊ पांढऱ्या खोडरबरापुरता ठीक आहे, पण त्याचा भुगा सॉकेटमध्ये सांडू देऊ नये. पट्टी बसवताना टोकांचे चिमटे ‘टक्’ असा आवाज करून बसले पाहिजेत. आवाज आला नाही तर पट्टी बसली नाही असे समजावे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी.

नव्या डीडीआर ५ रॅमच्या संगणकात आणखी एक गंमत असते. बायोसच्या निवडी पुसल्या गेल्या की बोर्ड रॅमची ओळख पहिल्यापासून करून घेतो आणि त्यात काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. अशा वेळी घाबरून बटण दाबले की ती ओळख अर्धवट राहते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दहा मिनिटे तरी हात लांब ठेवावा.

प्रश्न : कंपनीचे चिन्ह दिसते, गोल फिरतो, ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ येते आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. फॉरमॅट करावा असे सगळे सांगतात. आतल्या फाइलींची प्रत दुसरीकडे कोठेही नाही.

उत्तर : मग फॉरमॅट हा शब्द सध्या घरात उच्चारू नका. आपला संगणक चालू होतो आहे. अडते आहे ते विंडोज. ती लागोपाठ दोनदा नीट उघडली नाही की दुरुस्तीच्या पडद्याकडे आपोआप वळते, एवढाच त्या संदेशाचा अर्थ.

आधी बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर डिस्कच्या दोन्ही वायरी काढून पुन्हा खोचाव्यात. एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) असेल आणि वीज गेल्यापासून ती दिसतच नसेल, तर संगणक बायोसच्या पडद्यावरच अर्धा तास चालू ठेवून, बंद करून, पुन्हा एकदा तसेच करून पाहावे. एसएसडी कोणती माहिती कोठे ठेवली याचा एक नकाशा बाळगते, आणि अचानक वीज गेल्याने तो अर्धवट राहिला असेल तर काही डिस्का मोकळा वेळ मिळाल्यावर तो स्वतःच जुळवून घेतात. जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमधून ‘टक टक’ असा नियमित आवाज येत असेल, तर मात्र ती पुन्हा चालू करू नये. प्रत्येक चालू करण्यागणिक माहिती परत मिळण्याची शक्यता घटत असते.

डिस्क दिसते पण निळा पडदा येऊन ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे म्हणतो, तर वरच्या उत्तरातला सेल आठवावा. बायोस मूळ निवडींवर गेल्याने डिस्कशी बोलण्याची पद्धत रेड आणि एएचसीआय या दोन पद्धतींपैकी एकीवरून दुसरीवर गेलेली असते. ती पूर्वी होती तशी केली की विंडोज काही घडलेच नाही अशा थाटात उघडते. याच कारणाने काही संगणक बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजमधील सोयीचा, ४८ अंकी क्रमांक मागतात; तो बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेला असतो, दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून पाहता येतो.

यांपैकी काही नसेल तर पहिले काम फाइली बाहेर काढण्याचे. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी, किंवा पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स (विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली) वापरून फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. त्यानंतर ‘स्टार्टअप रिपेअर’, मग ‘सेफ मोड’, आणि सर्वांत शेवटी चेकडिस्क, ही डिस्कवरच्या नोंदी तपासणारी विंडोजमधील आज्ञा. हा क्रम बदलू नये, असा माझा आग्रह आहे. विंडोजची एनटीएफएस ही फाइली ठेवण्याची व्यवस्था प्रत्येक बदलाची नोंद आधी एका वहीत करते, म्हणून वीज गेल्यानंतरही फाइलींचा सांगाडा बहुधा शाबूत राहतो. पण त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या फाइलीतल्या मजकुराची हमी ती वही देत नाही. आणि चेकडिस्कचे काम तो सांगाडा सुसंगत करणे हे आहे, आपल्या फाइली वाचवणे हे नाही. जमाखर्च जुळत नसेल तर ती एखादी नोंद सरळ कापून टाकते. प्रत हाताशी असेल तेव्हाच तिला तशी मोकळीक द्यावी.

प्रश्न : यूपीएस असूनही वीज गेली की संगणक त्याच क्षणी बंद पडतो, आणि वीज आली की रात्री-अपरात्री आपोआप चालू होतो. दोन्ही दोष एकच आहेत का?

उत्तर : दोन वेगळे. आपोआप चालू होणे हा दोष नसून बायोसमधील निवड आहे. वीज परत आल्यावर बंद राहायचे, चालू व्हायचे की पूर्वीच्या स्थितीत जायचे, हे तेथे ठरवता येते. ‘बंद राहणे’ निवडावे, म्हणजे दाब वरखाली होत असताना संगणक दोन-तीनदा चालू-बंद होत बसणार नाही.

यूपीएसबाबत बॅटरीचे वय मोजा. त्यातली शिसे-आम्ल बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे टिकते, आणि दिवा हिरवा असला तरी ती भार उचलेलच असे नाही. वीज जाऊन बॅटरी पुढे येईपर्यंतचे काही मिलिसेकंद एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर काढतो. त्याच्याजवळ सुमारे १६ मिलिसेकंदांची शिदोरी असते. तेवढ्यात बॅटरी उभी राहिली नाही की यूपीएस असून नसल्यासारखाच. शिवाय ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हेत. तो बहुधा ३६० वॅटच्या आसपासच देतो. लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर लावला असेल तर आधी तो काढा, नवी बॅटरी त्यानंतर.