उधाणाचं पाणी आत येणारच, मग दुरुस्ती कशी करायची?

प्रश्न : किनाऱ्याला अगदी लागून आमचा सार्वजनिक हॉल आहे, तळमजला प्लस एक. वादळात समुद्राकडची भिंत पडली, तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं, एका कोपऱ्यात कोब्याखालची वाळूच वाहून गेलीये. काँट्रॅक्टरचं म्हणणं की समुद्राकडे जाड आरसीसी भिंत बांधू, दरवाजांना स्टीलच्या फळ्या लावू, बाहेरून वॉटरप्रूफिंग करू, मग एक थेंब आत येणार नाही. निधी एकदाच मिळणार आहे. हे करावं का?

उत्तर : माझं मत विचाराल तर नाही, आणि काँट्रॅक्टरला एक साधा हिशोब करायला सांगा. भिंतीबाहेर मीटरभर पाणी साचलं आणि आत कोरडं असलं तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला एक टन दाब येतो, म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण अर्धा टन ढकल. पाणी दोन मीटर झालं की ही ढकल दुप्पट नाही, चौपट होते. आणि हे झालं स्थिर पाण्याचं, फुटणाऱ्या लाटेचा मार याच्या कितीतरी पट असतो आणि तो परत परत बसत राहतो, शिवाय लाटेबरोबर ओंडके, होड्यांचे तुकडे असं काय काय येऊन आदळतं ते वेगळंच.

बरं, भिंत टिकली असं धरू. मग तेच पाणी वाळूतून खाली जाऊन जमिनीला वर ढकलायला लागतं. मीटरभर पाण्याला दर चौरस मीटरला एक टन वरचा रेटा, आणि सहा इंची काँक्रीट स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास. म्हणजे कोबा उचलला जाणार नाहीतर तडकणार. पाणी पूर्ण अडवायचा हा प्रकार किनाऱ्यापासून दूर आतल्या भागातल्या, लाटा न येणाऱ्या, कमी खोलीच्या पुराला चालतो, तेही साधारण तीन फुटांपर्यंत. जिथे लाटा थेट इमारतीवर फुटतात तिथे त्याच्यावर पैसे घालू नका.

मग काय करायचं, तर तळमजला सोडून द्यायचा. सोडून म्हणजे बंद नाही करायचा हो, तिथे पार्किंग, बाके, बाहेरचे शॉवर, धुतलं की परत वापरता येईल असं सगळं ठेवा, पण ऑफिस, रेकॉर्ड, किचन, महागडं सामान हे सगळं वरच्या मजल्यावर. कॉलम भक्कम आणि मधल्या भिंती मुद्दाम हलक्या, ठरावीक दाब आला की स्वतःहून सुटून जातील अशा, म्हणजे लाट खालून आरपार जाते आणि कॉलमवर भिंतीचा भार येत नाही. २०१८ मध्ये मायकल चक्रीवादळात फ्लोरिडातल्या मेक्सिको बीचवर किनाऱ्याजवळची घरंच्या घरं साफ झाली, पण खोल रोवलेल्या उंच खांबांवरचं एक घर उभं राहिलं, त्याचे फोटो जगभर फिरले. तिथेही मजल्याखालचं काही ना काही गेलंच, पण ते जाणारच हे धरूनच बांधलेलं होतं.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट मात्र भिंत नाही, तो कोपरा आहे. कोब्याखालची वाळू गेलीये म्हणजे पायाजवळची पण गेली असेल, आणि काँट्रॅक्टर त्याबद्दल काहीच बोलत नाही. आधी तिथे खड्डा घेऊन पाया किती खोल आहे आणि वादळात वाळू कुठपर्यंत खाली गेली होती ते बघून घ्या. वादळ ओसरताना समुद्र वाळू वाहून पडलेला खड्डा परत भरून टाकतो, त्यामुळे वरून सगळं ठीक दिसतं. पाया उथळ असेल तर पाइल (जमिनीत खोल घातलेले खांब) किंवा मायक्रोपाइल (तेच, बारीक व्यासाचे) घेऊन तो खाली न्यावा लागेल, निधीतला मोठा वाटा इथेच जाईल आणि तो गेला तर जाऊ द्या. उद्घाटनाला फोटोत दिसत नाही म्हणून हे काम नेहमी मागे पडतं.

मागच्या-पुढच्या काही भिंती पक्क्याच ठेवायच्या असतील, समजा जिन्याभोवती, तर खाली पाणी आत-बाहेर करायला झरोके ठेवा. अमेरिकेतल्या पूर-नियमात बंदिस्त जागेच्या दर चौरस फुटाला एक चौरस इंच उघडी जागा, किमान दोन झरोके, वेगवेगळ्या भिंतींत, आणि झरोक्याचा तळ जमिनीपासून एक फुटाच्या आत असं माप आहे. म्हणजे १४४० चौरस फुटांच्या जागेला एकूण १० चौरस फूट. फक्त लक्षात ठेवा, झरोक्यांनी साचलेल्या पाण्याचा दाब आत-बाहेर सारखा होतो, लाटेचा मार कमी होत नाही.

प्रश्न : वादळानंतर आमच्या इमारतीच्या कॉलमचे पोपडे पडलेत, सळया दिसतायत. मागे एकदा असंच झालं होतं तेव्हा सिमेंटने भरून रंग दिला होता, पण त्याच पॅचच्या बाजूने परत फुटलं. माल खराब होता का?

उत्तर : मालाचा दोष असेलही, पण बहुतेक वेळा पद्धतीचा असतो. समुद्राच्या पाण्यातलं मीठ, त्यातलं क्लोराइड, काँक्रीटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. तुम्ही फुटलेला तेवढाच भाग भरलात. आता नवीन पॅचमधली सळई सुरक्षित झाली पण शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ तसंच आहे, आणि एकाच सळईचा एक तुकडा चांगल्या आणि दुसरा खारट काँक्रीटमध्ये असला की खारट बाजूचा तुकडा आधीपेक्षा जोरात गंजायला लागतो. म्हणून पॅचच्या कडेकडेने फुटतं.

तेव्हा रंगाऱ्याला आत्ता थांबवा. हातोडीने ठोकून पोकळ कुठे वाजतंय ते खडूने आखून घ्या, वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून क्लोराइड तपासायला द्या, हाफ सेल टेस्ट (सळईचा विद्युतदाब मोजणारी चाचणी) करून घ्या म्हणजे न फुटलेल्या भागातही गंज चालू आहे का कळेल. मग तोडताना सळईच्या नुसतं पुढचं नाही, मागचंही काँक्रीट इंचभर काढायचं, सळई चकचकीत होईपर्यंत साफ करायची, फार झिजली असेल तर जोड द्यायची, गोड्या पाण्याने धुवून मगच मायक्रोकाँक्रीट किंवा पॉलिमर मॉर्टर भरायचं. कडांना जस्ताचे ॲनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे, बसवता येतात, खर्च वाढतो पण परत परत तोडफोड करण्यापेक्षा परवडतं. आणि किनाऱ्यावरची खारट वाळू समोर फुकट दिसते म्हणून मिस्त्रीने ती मालात मिसळली तर सगळं पाण्यात, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

ओल्या भिंतीवर लगेच वॉटरप्रूफ पेंट पण मारू नका, आतली ओल कोंडते आणि फुगे येतात. भिंत धुवा, सुकू द्या, मग वाफ बाहेर जाऊ देणारा रंग द्या. फिटिंगला ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, आणि स्टेनलेसचे बोल्ट जस्ताच्या पत्र्याला थेट लावू नका, खाऱ्या हवेत पत्रा भराभर खाल्ला जातो.

प्रश्न : पाण्यात बुडालेलं वायरिंग आणि पॅनेल वाळवून परत वापरता येईल का? इलेक्ट्रिशियन हो म्हणतो.

उत्तर : नाही. गोड्या पाण्यात भिजलं असतं तर निदान विचार केला असता. खाऱ्या पाण्यात बुडालेले ब्रेकर, स्विच, सॉकेट बदलायचेच, आत मीठ राहतं आणि महिन्याभराने कुठेतरी स्पार्क होतो. नवीन पॅनेल, पंपाचा स्टार्टर, जनरेटर वरच्या मजल्यावर न्या आणि तळमजल्याचं सर्किट वेगळं ठेवा म्हणजे वादळाच्या आधी तेवढंच बंद करता येईल. सांडपाण्याच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवलाय का तेही बघा, नाहीतर समुद्र दारातून यायच्या आधी संडासातून येतो.

प्रश्न : आमची एकमजली जुनी इमारत आहे, पाडायची इच्छा नाही. अख्खी उचलता येते का, आणि उचलली तर म्हातारी माणसं, व्हीलचेअरवाले वर कसे जाणार?

उत्तर : उचलता येते. १९०० च्या वादळानंतर टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनमध्ये शहराचा मोठा भागच उंच केला होता, दोनेक हजार इमारती, त्यात दगडविटांचं चर्चसुद्धा, हाताने फिरवायच्या जॅकवर उचलून खाली वाळू भरली. पण तुमच्या इमारतीचे सांधे कसे आहेत ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय जॅकवाल्याला बोलावू नका.

रॅम्पचा प्रश्न चांगला विचारलात, तो नेहमी शेवटी आठवतो. १:१२ चा उतार धरला तर दोन मीटर चढायला २४ मीटर रॅम्प लागतो, शिवाय मध्ये मध्ये थांबायला सपाट जागा. जागा आत्ताच धरून ठेवा. लिफ्ट लावणार असाल तर मोटर आणि कंट्रोल वर, आणि वादळाची सूचना आली की लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून ठेवायची हे कुणाचं काम ते लिहून ठेवा. आणि किती उंच न्यायची ते फक्त मागच्या वादळाच्या खुणेवरून ठरवू नका, त्या दिवशी ओहोटी असेल तर पुढच्या वेळी भरती असू शकते. शिवाय १९०१ ते २०१८ मध्ये जगभराची समुद्रपातळी सरासरी २० सेंटीमीटरने वाढलीये आणि वेग वाढतच चाललाय.

प्रश्न : समोर दगडी बंधारा घातला तर हे सगळं टळेल का?

उत्तर : टळणार नाही. उभ्या बंधाऱ्यावर आपटून परत जाणारी लाट त्याच्या पायथ्याची वाळू ओढून नेते, बऱ्याच ठिकाणी बंधारा राहतो आणि पुळण जाते, आणि बंधारा संपतो तिथे शेजारच्याची जमीन खचते. जागा असेल तर वाळूची टेकडी आणि तिच्यावर मूळची झाडंझुडपं वाढू द्या, वादळात ती खाल्ली जाते पण तेवढा वेळ लाटा झेलते. फक्त तिच्यातून पाण्याकडे जाणारी पायवाट सरळ कापू नका, तिरकी न्या किंवा वरून लाकडी पूल टाका, कारण उधाण पहिल्यांदा त्या फटीतूनच आत घुसतं.